उत्तर बरोबर, तिकिटे दोन!

बास्केटबॉल म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यातला गंजका खांब, जाळी कधीच गळून पडलेली कडी, आणि "मुलींनो, तुम्ही तिकडे लंगडी खेळा" म्हणून हाकलणारे पी.टी.चे सर! निदान माझ्या डोळ्यांपुढे तरी एवढेच यायचे. आता साठी उलटल्यावर मला या खेळाची शंभरेक प्रश्नोत्तरे तोंडपाठ झाली आणि त्यांच्या जोरावर घरात सामन्याची दोन तिकिटे फुकट आली, असे सांगितले तर तुम्ही म्हणाल, "काहीतरीच काय!" पण झाले खरे तसेच.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत इंडियानापोलिसला गेले होते. डिंक, खारीक, बाळंतशेपा सगळे बांधून नेले होते. बाहेर गुडघाभर बर्फ. जावईबापू सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. घरात मी, ओली बाळंतीण, तान्हा नातू आणि दहा वर्षांची नात. आणि या नातीला बास्केटबॉलचे वेड!

तिचेही काय चुकले म्हणा? इंडियाना राज्यच त्या खेळाने झपाटलेले. आपल्याकडे गल्लीत क्रिकेट चालते ना, तशी तिथे गॅरेजच्या दारावर कडी ठोकलेली. १९५४ साली मायलन नावाच्या लहानशा गावातल्या शाळेने मोठ्या शहरी शाळेला ३२-३० असे हरवून राज्याचे विजेतेपद मिळवले. शेवटच्या क्षणी बॉबी प्लम्प नावाच्या मुलाने चेंडू कडीत टाकला. ती गोष्ट तिथले लोक अजून अशी सांगतात, की जणू कालच सामना झाला!

सकाळी मी पोळ्या लाटत असे, तेव्हा स्वयंपाकघरात रेडिओ चालू असे. त्यावर मधूनच निवेदक एक प्रश्न टाकी, "नववा फोन ज्याचा लागेल आणि उत्तर बरोबर असेल, त्याला पेसर्सच्या सामन्याची दोन तिकिटे!" पेसर्स हा तिथला गावचा संघ. नात दुधाचा पेला टाकून फोनकडे धावायची. "आई, लाव ना!" आणि आई बाळाला पाजत बसलेली. तिकिटे विकत घ्यायची तर सगळ्यांचा खर्च, गाडी उभी करण्याचे पैसे, तिथले खाणे, सगळे धरून महिन्याच्या वाणसामानाला धक्का बसावा. त्यातून बाळंतपणाचा खर्च डोक्यावर. लेक "पुढच्या वर्षी बघू" म्हणे, आणि पोरगी हिरमुसून शाळेला जाई.

मला राहवेना. म्हटले, पोरीला तिकीट नाही घेऊन देता येत, उत्तरे तर शोधून देता येतील! वाचनालयातून तिच्या कार्डावर पुस्तके आणली. माझे इंग्रजी तर्खडकरी, पण बाळाला मांडीवर घेऊन सावकाश वाचायला वेळच वेळ होता. मग आम्ही दोघींनी दोनशे पानी वहीच घातली. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. इकडून फोनवर आमचे 'हे' म्हणाले, "तिकडे बाळंतपण करायला गेलीस की चेंडू खेळायला?"

तिकिटे फुकट का वाटतात?

मला आधी हाच संशय आला. फुकट कोण कुणाला काय देते? पण हिशेब सोपा आहे. या व्यावसायिक संघाला ऑक्टोबर ते एप्रिल एकूण ८२ सामने खेळावे लागतात. त्यांतले साधारण निम्मे घरच्या मैदानावर. तिथल्या बंदिस्त स्टेडियममध्ये सतरा हजारांवर माणसे बसतात. रविवारी गर्दी होईल, पण बर्फाच्या मंगळवारी कमजोर संघाशी सामना असला, तर खुर्च्या रिकाम्या राहणारच. एस.टी. सुटल्यावर रिकाम्या सीटचे मोल काय? तसेच खुर्चीचे. त्यापेक्षा दोन तिकिटे रेडिओला दिली, तर आठवडाभर संघाचे नाव घरोघरी ऐकू जाते. जिंकणारा माणूस तिथे जाऊन खातो-पितो, मुलाला टोपी घेतो, आणि पुढच्या खेपेला पदरचे पैसे मोडून येतो.

शिवाय तुमचे नाव, पत्ता, फोन नंबर त्यांच्या वहीत जातो. तीही एक किंमतच. ती कशी मोजावी लागते, ते पुढे सांगते.

कायद्याची एक गोष्ट मात्र मला फार पटली. तिथे बक्षीस, नशीब आणि भाग घेण्यासाठी मोजलेले पैसे, ही तिन्ही एकत्र आली की ती सोडत ठरते, आणि खासगी धंद्याला अशी सोडत काढायला बंदी आहे. म्हणून जाहिरातीखाली बारीक अक्षरात लिहिलेले असते, की काहीही विकत घेण्याची गरज नाही. आपल्याकडेही फी भरून शब्दकोडी सोडवण्याचे वेड एके काळी इतके वाढले होते, की बक्षीस-स्पर्धांना आवर घालणारा कायदा १९५५ साली करावा लागला. थोरल्या पिढीतल्या वाचकांना ते दिवस आठवत असतील.

वहीतल्या बायका

वही भरता भरता मला खरी गोडी लागली ती या खेळातल्या बायकांमुळे.

खेळ निघाला १८९१ च्या डिसेंबरात, स्प्रिंगफील्ड गावी. जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाला हिवाळ्यात मुलांना छपराखाली खेळवायचे होते. शिपायाकडे त्याने दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, म्हणून शिपायाने पीच फळांच्या टोपल्या आणून दिल्या! टोपलीला बूड असल्याने प्रत्येक वेळी चेंडू वरून काढावा लागे. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने स्मिथ कॉलेजात मुलींना हा खेळ शिकवला. १८९३ साली मुलींचा सामना झाला, तेव्हा पुरुषांना आत येऊ दिले नव्हते.

आणि पेसर्सचीच गोष्ट ऐका. १९७७ साली संघ कर्जात बुडाला. ८००० लोकांनी पुऱ्या हंगामाची तिकिटे घेतली तरच तो टिकणार होता. तेव्हा प्रशिक्षक बॉबी लेनर्ड आणि त्यांच्या पत्नी नॅन्सी यांनी टेलिव्हिजनवरून लोकांना सलग साडेसोळा तास साकडे घातले. नॅन्सीबाई नुसत्या प्रशिक्षकाच्या बायको नव्हत्या, संघाच्या कारभारात त्यांचे अधिकृत पद होते. शेवटी आकडा जाहीर केला तोही त्यांनीच, ८०२८! आज आपण फुकट तिकिटासाठी फोन फिरवतो, तो संघच मुळी तिकिटे विकत घेणाऱ्यांनी वाचवलेला.

दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, याच संघाने ॲन मायर्स या खेळाडूशी ५०,००० डॉलरचा करार केला. पुरुषांच्या या साखळीतल्या संघाशी करार करणारी ती पहिली स्त्री. चाचणीनंतर तिला संघात घेतले नाही, पण नाव राहिलेच. आणि पेसर्सचा लाडका रेजी मिलर! त्याची थोरली बहीण शेरिल हिने शाळेत असताना १९८२ साली एकाच सामन्यात १०५ गुण केले होते. भाऊ गाजला १९९५ मध्ये, न्यूयॉर्कविरुद्ध नऊ सेकंदांत आठ गुण काढून. नातीला मी म्हटले, "बघ, बहीण आधी!"

एका गोष्टीची मात्र मला चुटपुट लागली. २०१९ च्या ऑक्टोबरात, ४ आणि ५ तारखेला, हेच पेसर्स मुंबईत वरळीला खेळून गेले होते! समोर होता सॅक्रामेंटो किंग्ज, म्हणजे मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या गटाने २०१३ साली विकत घेतलेला संघ. पहिल्या सामन्याला तीन हजारांवर शाळकरी मुले बसवली होती, आणि जादा वेळेत पेसर्स १३२-१३१ असे जिंकले. तेव्हा मी काय करत होते? नवरात्रातल्या माळा ओवत होते!

तो फोन

अकरा वेळा आम्ही हरलो. कधी फोन लागेना, कधी आमच्या आधी नववा दुसराच. आणि एका दुपारी फोन वाजला. "अभिनंदन! तुम्ही पेसर्सची चार तिकिटे जिंकली आहात. फक्त पाठवणीचे पंचवीस डॉलर भरायचे. कार्डाचा नंबर सांगा."

नात उड्या मारू लागली. बाळ रडत होते, लेक रात्रभर जागी. तिने पर्स उघडली, कार्ड हातात घेतले. माझ्या मनात काय आले कोण जाणे, मी म्हटले, "त्याला विचार गं, आपण कुठल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं?"

लेकीने विचारले. पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, "त्याची गरज नाही मॅडम, वेळ संपत आलीय." लेकीने फोन ठेवून दिला.

मागाहून आठवले. महिन्यापूर्वी बाजारात एका टेबलावर 'तिकिटे जिंका' म्हणून पेटी ठेवली होती. प्रश्नबिश्न काही नव्हता. नातीच्या हट्टापायी लेकीने चिठ्ठीवर नाव, फोन, जन्मतारीख सगळे लिहून टाकले होते. तिथूनच नंबर गेला असावा. पोरगी त्या रात्री जेवली नाही. "आजी, खोटं पण बोलतात?" म्हणाली. काय सांगणार? बोलतात, बाळा.

पण आठवड्याने रेडिओवर प्रश्न आला, "पेसर्सशी करार करणारी स्त्री कोण?" मी लाटणे हातात घेऊन ओरडले, "ॲन मायर्स!" लेकीने बाळ खांद्यावर टाकून फोन फिरवला, आणि आमचा नववा लागला. नियमाप्रमाणे भाग घेणारा अठरा वर्षांवरचा आणि तिथला रहिवासी हवा. म्हणजे नात लहान, मी पाहुणी. तेव्हा उत्तर आजीचे आणि नाव लेकीचे! तिकिटांना एक पैसा पडला नाही. ओळखपत्र दाखवून ती खिडकीवर घ्यायची होती.

दोन तिकिटे आणि माणसे चार. जावईबापू आणि नात जाणार, असे सगळ्यांनीच धरले होते. मी म्हटले, "लेक जाईल." दोन महिने ती दवाखान्याखेरीज उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. "बाळाचं कसं?" म्हणाली. "दूध काढून ठेव. मी तुला वाढवलं, याला तीन तास सांभाळणार नाही का?"

दोघी गेल्या. जागा पार वरच्या, छताला टेकलेल्या. रात्री परतल्या तेव्हा घसे बसलेले, गाल लाल. किती महिन्यांनी लेकीला खळखळून हसताना पाहिले! सामना पेसर्स हरले होते. त्याचे कुणालाच काही वाटले नाही.

हे लक्षात ठेवा

आपल्याकडेही क्रिकेट, कबड्डी, नाटक, सिनेमा यांची तिकिटे प्रश्न विचारून देतातच. भाग जरूर घ्या, पण –

१. बक्षिसासाठी आधी पैसे मागितले, तर ते बक्षीस नव्हे.

२. नाव आणि फोन नंबर पुरे. जन्मतारीख, बँकेचा किंवा कार्डाचा नंबर कशाला हवा? ओ.टी.पी. तर कुणालाही सांगू नये.

३. फोन आला तर उलट प्रश्न करा, "स्पर्धा कोणती, प्रश्न कोणता?" मग आपण होऊन मूळ कचेरीत विचारून खात्री करा.

४. वयाची अट, शेवटची तारीख, एका घराला किती वेळा जिंकता येते, हे बारीक अक्षरातले नियम आधी वाचा. तिकीट दुसऱ्याला देता किंवा विकता येते का, तेही पाहा.

५. मोठ्या बक्षिसावर कर असतो. आपल्याकडे दहा हजार रुपयांवरच्या बक्षिसाला ३० टक्के. पण तो सरकारकडे भरायचा, फोनवरच्या माणसाच्या खात्यात नव्हे.

६. फसलात तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सरकारी क्रमांकावर लगेच तक्रार करा.

आता तुमची पाळी!

आमच्या वहीतले तीन प्रश्न. संध्याकाळी जेवताना घरात विचारून पाहा.

१. भारताचा पुरुष बास्केटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये कधी खेळला?

२. अमेरिकेतल्या एन.बी.ए. साखळीतल्या संघाने निवडलेला पहिला भारतीय खेळाडू कोण?

३. भारताच्या महिला संघाचे नेतृत्व केलेली पुण्याची खेळाडू कोण?

उत्तरे : १. १९८०, मॉस्को. २. पंजाबचा सतनाम सिंग, २०१५ साली, डॅलस मॅव्हरिक्स संघाने. ३. शिरीन लिमये.

तिन्ही बरोबर आली? मग तिकीट नाही, पण तुमच्या हातचा एक कप चहा तुम्ही करू नका. घरातल्या हरलेल्यांना करायला सांगा!