मॉर्फिनच्या चिठ्ठीवरचं दुसरं औषध

जुलाब थांबत नसले की औषधाच्या दुकानातून लोपरामाइडची गोळी आणली जाते आणि एक-दोन गोळ्यांत पोट बांधलं जातं. ही गोळी जातकुळीने ओपिऑइड आहे, म्हणजे अफूपासून मिळणाऱ्या मॉर्फिनच्या गोतावळ्यातली. नेहमीच्या मात्रेत ती मेंदूपर्यंत पोचत नाही, म्हणून तिने गुंगी येत नाही की दुखणं कमी होत नाही. आतड्यांवर मात्र ती मॉर्फिनसारखंच काम करते. अफूचा हा गुण आयुर्वेदालाही जुनाच ठाऊक आहे. अतिसारावर दिल्या जाणाऱ्या कर्पूर रसात अहिफेन, म्हणजे अफूच असते. थोडक्यात, अफूने पोट बांधलं जातं ही काही नव्याने लागलेली माहिती नाही. तरीही त्याच गोतावळ्यातलं औषध मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल किंवा फेन्टानिलच्या रूपात दुखण्यासाठी दिलं जातं तेव्हा बद्धकोष्ठता हा किरकोळ, कदाचित होईल कदाचित होणार नाही असा त्रास समजला जातो. ‘बघू, झालंच तर तेव्हा औषध देऊ’ असं म्हणून विषय पुढे ढकलला जातो. या लेखात मांडायचं आहे ते याच्या नेमकं उलट: ओपिऑइड रोज घ्यावं लागणार असेल, तर रेचक त्याच दिवशी, त्याच चिठ्ठीवर लिहिलं गेलं पाहिजे. ते नसेल तर ती चिठ्ठी अपुरी आहे.

हा आग्रह क्षुल्लक वाटू शकतो. कर्करोगाने हाडं पोखरली जात असताना शौचाची चिंता कोण करणार, असं मनात येणं साहजिक आहे. पण दुखणं सोसणाऱ्या माणसांचा अनुभव वेगळा आहे. शिकागो विद्यापीठातले औषधशास्त्रज्ञ लिऑन गोल्डबर्ग यांच्या एका मित्राचा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरला होता. मॉर्फिनने त्याचं दुखणं आटोक्यात येत होतं, पण त्यापायी होणारी बद्धकोष्ठता इतकी असह्य होती की तो मॉर्फिनच घ्यायला तयार होईना. मेंदूतल्या मॉर्फिनला हात न लावता फक्त आतड्यातला त्याचा परिणाम पुसणारं औषध शोधायला गोल्डबर्ग लागले ते या मित्रापायी. त्यातून मेथिलनॅलट्रेक्झोन निघालं. त्याला अमेरिकेत मंजुरी मिळायला 2008 साल उजाडलं, आणि तोवर गोल्डबर्गही हयात नव्हते. एका माणसाने मरणप्राय वेदना पत्करली पण पोटाचा तो त्रास नको म्हटलं, यातच या ‘किरकोळ’ तक्रारीचं वजन कळतं. आपल्या देशात तर मॉर्फिन रुग्णापर्यंत पोचणं हेच अवघड होतं. भारतातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची सेवा करणारं केंद्र, शांती आवेदना, 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झालं; त्याच्या आदल्याच वर्षी आलेल्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांचं कुंपण घातलं होतं. ते सैल व्हायला 2014 ची दुरुस्ती यावी लागली. एवढ्या खटपटीने हातात आलेलं औषध घरच्यांनी चार दिवसांत ‘पोटाला मानवत नाही’ म्हणून बाजूला ठेवून द्यावं, यासारखी हानी नाही.

हे असं का होतं, ते आतड्याच्या आत डोकावल्याशिवाय नीट समजत नाही. आतड्याच्या भिंतीत स्नायूंच्या थरांमध्ये चेतापेशींचं दाट जाळं असतं. अन्नाच्या मागचा भाग आवळायचा आणि पुढचा सैल सोडायचा, ही लाट तेच जाळं चालवतं आणि त्या लाटेवर अन्न पुढे सरकतं. ओपिऑइड ज्यांना चिकटून वेदना कमी करतं, ते ‘म्यू’ नावाचे ग्राहक मेंदूत आणि मज्जारज्जूत आहेत, तसेच या जाळ्यातही आहेत. औषध तिथे बसलं की पुढे ढकलणारी लाट मंदावते आणि आतडी जागच्या जागी आवळत राहतात. आतड्यात स्रवणारं पाणीही कमी होतं. मळ मोठ्या आतड्यात रेंगाळतो, आणि जितका रेंगाळेल तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं. शेवटी शेळीच्या लेंड्यांसारखे कोरडे खडे उरतात. वर गुदद्वाराचा स्नायू घट्ट राहतो आणि ‘आता जायला हवं’ ही जाणीवही बोथट होते. म्हणजे ढकलणारा जोर गेला, ओलावा गेला, दार आवळलं गेलं आणि हाकही ऐकू येईनाशी झाली. माणूस तासभर कुंथत बसतो आणि घामाघूम होऊन तसाच उठतो, तो या चारही गोष्टी एकत्र आल्यामुळे.

आता ‘वाट पाहू’ या मताकडे वळू. त्याला एक आधार आहे. मॉर्फिन सुरू केल्यावर मळमळतं, झोप येते, पण काही दिवसांत शरीर सरावतं आणि हे त्रास बहुधा ओसरतात. मग पोटही सरावेल असं वाटणं चूक कसं? उत्तर असं की आतडं जवळपास सरावतच नाही. औषध महिनाभर घेतलं तरी, वर्षभर घेतलं तरी आतड्यावरचा परिणाम तसाच राहतो. म्हणून वाट पाहण्यातून हाती काही लागत नाही. उलट त्या दिवसांत मळ साचून कठीण होतो, आणि मग गोळीने भागणारं काम एनिमावर किंवा बोटाने मळ काढण्यावर जातं. आधीच खंगलेल्या माणसासाठी ते किती वेदनेचं आणि लाजिरवाणं असतं, हे सेवा करणाऱ्यालाच ठाऊक. त्यापुढे रात्रीच्या दोन गोळ्यांचं ओझं काहीच नाही. ‘आधीच इतक्या गोळ्या, त्यात आणखी एक’ या तक्रारीलाही हेच उत्तर आहे.

दुसरा आक्षेप घराघरांतून येतो आणि तो प्रेमापोटी येतो. पालेभाजी द्या, पपई द्या, कोमट पाणी द्या, रात्री ईसबगोल द्या. कशाला हवी रासायनिक औषधं? चोथा कमी पडल्यामुळे पोट साफ होत नसेल तर हा सल्ला चोख आहे. इथे मात्र चोथा पुरेसा असला तरी तो ढकलणारा जोर औषधाने काढून घेतलेला असतो. ईसबगोल पाणी शोषून फुगतं आणि मळ वाढवतं, आणि त्या वाढलेल्या मळाला आतड्याने रेटा द्यावा अशी त्याची रचना आहे. रेटा नाही, रुग्ण दिवसाला दोन-तीन पेले पाणीही पीत नाही, अशा वेळी ते ईसबगोल आतड्यात चिकट गोळ्यासारखं अडकू शकतं. म्हणून ओपिऑइड घेणाऱ्या अशक्त रुग्णाला चोथ्याची पूड देऊ नये, असंच वेदनाशमनाचे तज्ज्ञ सांगतात. पाणी, जमेल तेवढी हालचाल आणि पचेल ते जेवण यांचा उपयोग आहेच. सकाळच्या चहानंतर आतडी आपसूक जरा जागी होतात, तेव्हा रुग्णाला बसवावं. कमोडवर बसताना पायाखाली लाकडी पाट ठेवला की गुडघे वर येतात आणि उकिडवं बसल्यासारखी सोय होते. पण हे सगळं औषधाच्या जोडीला. त्याच्या ऐवजी हे धरून बसलं तर रुग्णाचे दिवस वाया जातात.

मग औषध कोणतं? सुदैवाने त्यासाठी महागड्या शोधांची गरज बहुतेकांना पडत नाही. आतड्याला चेतवणारी औषधं हा पहिला गट: सोनामुखीच्या पानांपासून केलेली सेन्नाची गोळी, बिसाकोडिल, सोडियम पिकोसल्फेट. गेलेला रेटा ती परत आणतात. रात्री घेतलं की सकाळी परिणाम दिसतो. पाणी आतड्यात धरून ठेवणारी औषधं हा दुसरा गट: लॅक्टुलोजचं गोड पातळ औषध, पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पाण्यात विरघळवायची पूड. गेलेला ओलावा ती परत आणतात. लॅक्टुलोजला एक-दोन दिवस लागतात आणि त्याने पोटात वायू धरू शकतो, हे आधी सांगून ठेवलं तर रुग्ण घाबरत नाही. नुसता मळ मऊ करणाऱ्या औषधावर विसंबणं मात्र पुरत नाही. कॅनडातल्या हॉस्पिसमधल्या रुग्णांवर झालेल्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना सेन्नाबरोबर डॉक्युसेट हे मळ मऊ करणारं औषध दिलं आणि काहींना सेन्नाबरोबर औषध नसलेली गोळी; दोन्हींत म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. मळ लोण्यासारखा मऊ असला तरी तो ढकलायला कोणी हवंच. सेन्ना आणि लॅक्टुलोज ही दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि आपल्याकडे गावातल्या दुकानातही मिळू शकतात. मात्रा ठरवायचा नियमही साधा आहे: आकडा मॉर्फिनच्या मात्रेवरून काढायचा नाही, पोट साफ होतंय का ते पाहून डॉक्टरांनी रेचक वाढवायचं किंवा कमी करायचं.

‘रेचकाची सवय लागेल, आतडी आळशी होतील’ ही भीती आपल्याकडे खोल रुजलेली आहे. सांगितलेल्या मात्रेत घेतलेल्या चेतक रेचकांनी आतड्यांचं कायमचं नुकसान होतं, याला भक्कम पुरावा नाही. आणि ओपिऑइडच्या रुग्णाबाबतीत तर प्रश्नच वेगळा आहे. आतडं इथे औषधाने रोज थांबवलं जातंय. रोज लागणाऱ्या ब्रेकवर रोज उतारा द्यावा लागतो, त्याला सवय म्हणत नाहीत. मधुमेहाच्या माणसाला आपण गोळीची सवय लागेल म्हणून थांबवत नाही. ओपिऑइड बंद झालं की रेचकही बहुधा बंद करता येतं.

काही जण मॉर्फिनच कमी करा म्हणतात. बद्धकोष्ठता थोड्या मात्रेतही होते, त्यामुळे मात्रा थोडी उतरवून पोट सुटेलच असं नाही. दुखणं मात्र नक्की परततं. मॉर्फिनऐवजी फेन्टानिलची चिकटपट्टी लावली तर काहींचा त्रास कमी होतो, पण तो निर्णय डॉक्टरांचा. गोल्डबर्गांच्या वाटेने आलेली नवी औषधंही आहेत. मेथिलनॅलट्रेक्झोनच्या 2008 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिल्या इंजेक्शननंतर चार तासांत जवळजवळ निम्म्या, म्हणजे 48 टक्के रुग्णांना शौचाला झालं. नुसतं पाणी टोचलेल्यांत हे प्रमाण 15 टक्के होतं. हे यश मोठं आहे. तरीही अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात आधी साधी रेचकं आणि ती पुरी पडली नाहीत तरच ही औषधं, असाच क्रम लावला आहे. साध्या औषधाला नीट संधीच दिली नसेल, तर महाग औषधाची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

एका फसवणुकीबद्दल मात्र सेवा करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. आठ दिवस पोट साफ न झालेल्या रुग्णाची चादर एका सकाळी पातळ मळाने भिजलेली दिसते. दिवसभरात तीन-चार वेळा कपडे बदलावे लागतात. घरचे म्हणतात, जुलाब लागले. रेचक बंद करतात आणि जुलाब थांबवणारी लोपरामाइडची गोळी देतात. खरं तर गुदाशयात मळाचा मोठा खडा अडकलेला असतो आणि वरचं पातळ पाणी त्याच्या कडेने झिरपत असतं. ही गोळी दिली की ओपिऑइडवर ओपिऑइड दिल्यासारखं होतं आणि खडा आणखी पक्का होतो. ओपिऑइड चालू असताना, बरेच दिवस कोरडे गेल्यावर अचानक पातळ झालं, तर गोळी देण्याआधी डॉक्टर किंवा नर्सकडून तपासून घ्यावं. तसंच पोट फुगलं, कळा येऊ लागल्या, उलट्या होत आहेत, वायूही सरत नाही, अशा वेळी आतडं अडलेलं असू शकतं. तेव्हा चेतक रेचक देऊ नये, लगेच रुग्णालय गाठावं. मूत्रपिंड अधू असलेल्यांनी मॅग्नेशियमची पातळ औषधं स्वतःहून घेऊ नयेत, आणि केमोथेरपीने पांढऱ्या पेशी उतरल्या असतील तर विचारल्याशिवाय एनिमा देऊ नये.

या सगळ्यात सर्वांत मोठी अडचण बहुधा लाजेची असते. वडील मुलीला सांगत नाहीत, सासू सुनेला सांगत नाही, आणि डॉक्टरांच्या तपासणीत वेळ दुखण्यावरच संपतो. कोणी विचारलंच तर ‘ठीक आहे’ म्हणून रुग्ण मोकळा होतो. म्हणून प्रश्न विचारण्याची जबाबदारी निरोग्याने उचलायला हवी, आणि तो प्रश्न जेवलात का, झोप लागली का यांच्याच सुरात रोज यायला हवा: आज पोट साफ झालं का, आणि कुंथावं लागलं का? आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या पिशव्यांच्या खुणा असतात, गॅस कधी आला त्याची नोंद असते. त्याच चौकटीत शौचाची एक छोटी खूण करता येते. तीन दिवसांच्या चौकटी कोऱ्या दिसल्या की फोन करायचा, चौथ्याची वाट पाहायची नाही. आणि त्याच्याही आधी, मॉर्फिनची किंवा ट्रॅमाडॉलची चिठ्ठी हातात पडताच दुकानाकडे वळण्यापूर्वी ती एकदा वाचायची; त्यावर पोटाचं औषध दिसलं नाही, तर तिथेच थांबून डॉक्टरांना विचारायचं, ‘यासोबत रेचक कोणतं द्यायचं?’