उत्तर यंत्राचे, पडताळणी विद्यार्थ्याची

देवरी कोणत्या जिल्ह्यात आहे, या साध्या प्रश्नाची तीन उत्तरे लिखित मजकुरात सापडतात. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वीच्या लेखनात देवरी भंडारा जिल्ह्यात दाखविलेली आहे. मध्य प्रदेशातील सागर जिल्ह्यातही देवरी नावाचे गाव आहे. अशाच मजकुरावर पोसलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेकडून या तिन्हींची सरमिसळ होणे अशक्य नाही. अफाट मजकुरातील शब्दांचे परस्परसंबंध पाहून पुढचा शब्द कोणता असावा, याचे ती अनुमान बांधते. त्यामुळे तिची चूकही अस्खलित भाषेत येते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी खुले झाल्यापासून तयार निबंध मिळविणे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस सहजसाध्य झाले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मात्र पाठांतराऐवजी चिकित्सक विचारावर भर देते. या दोहोंचा मेळ घालावयाचा, तर प्रश्न विचारण्याची रीत बदलावी लागेल.

पूर्व विदर्भातील भातशेतीचा आधार असलेले माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव, हे याचे उत्तम उदाहरण होय. 'गावच्या तलावात पाणी का टिकत नाही?' या प्रश्नावर विद्यार्थ्याने प्रथम स्वतःचे उत्तर लिहावे. त्यानंतर यंत्रणेकडे तयार उत्तर न मागता आपल्या उत्तरातील उणिवा व अन्य संभाव्य कारणे विचारावीत. गाळ, अतिक्रमण, नादुरुस्त पाळ, बुजलेले पाट अशी यादी मिळेल. त्यांपैकी आपल्या गावास कोणते कारण लागू आहे, हे यंत्रणेस ठाऊक नसते. त्यासाठी तलावावर जावे लागते, ग्रामपंचायतीचे दप्तर पाहावे लागते, वृद्ध शेतकऱ्यांस विचारावे लागते. पुराव्याच्या आधारे एकेक कारण खोडणे वा पक्के करणे, यालाच विश्लेषण म्हणतात.

प्राध्यापकांनी केवळ अंतिम उत्तरास गुण न देता पहिला मसुदा, विचारलेले प्रश्न आणि पडताळणीची टिपणे यांसही गुण द्यावेत. पंचायत सदस्यांनी दप्तर पाहू दिल्यास गावालाही आपल्या तलावाची वस्तुस्थिती लिखित स्वरूपात मिळेल.

छत्तीसगडच्या सीमेलगतच्या या तालुक्यात ज्या विद्यार्थ्याच्या घरी शंका विचारण्यास कोणी जाणकार नाही, त्याला ही यंत्रणा वादास सदैव तयार असा सोबती ठरू शकते. मात्र विचार करण्याचे कामच त्याने तिच्यावर सोपविले, तर पदवी हाती येईल. तिच्यामागची बुद्धी येणार नाही.