बिबवेवाडीतून हिंजवडीला हेलिकॉप्टरनं ऑफिस गाठता येईल का?

सकाळी नऊला गंगाधाम चौकात अडकलेल्या माणसाच्या मनात हा विचार एकदा तरी येतोच, वरून उडत जाता आलं असतं तर? बिबवेवाडी ते हिंजवडी अंतर सरळ रेषेत साधारण १८ किलोमीटर. बेल ४०७ सारखं हेलिकॉप्टर ताशी दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं जातं. म्हणजे हवेतला वेळ पाच-सहा मिनिटं.

असे प्रयोग झालेतही. मार्च २०१८ मध्ये थंबी एव्हिएशननं बेंगळुरूत विमानतळ ते इलेक्ट्रॉनिक सिटी अशी हेली-टॅक्सी सुरू केली. वेळ १५ मिनिटं, तिकीट साडेतीन हजार, वर जीएसटी. २०१९ मध्ये ब्लेड इंडियानं मुंबई-पुणे-शिर्डी सेवा आणली, शेअर रिक्षासारखी सीटवर भाडं घेणारी. पण हे ग्राहक विमान पकडणारे, मीटिंगला किंवा दर्शनाला जाणारे. रोज डबा घेऊन निघणारा माणूस त्यात नव्हता.

कारण सीटचं गणित. बेल ४०७ मध्ये पायलट सोडून सहा जण बसतात. उड्डाण, उतरणं, माणसं चढवणं-उतरवणं धरलं तर जाऊन-येऊन अर्धा तास लागणारच. म्हणजे तासाला दोन फेऱ्या, बारा माणसं. सकाळच्या तीन तासांत छत्तीस. एवढी माणसं पीएमपीच्या एका बसमध्ये बसून जातात! शिवाय सकाळी सगळे हिंजवडीकडेच निघणार. परतीची फेरी जवळपास रिकामी, आणि त्या फेरीचं इंधनही तिकिटातूनच वसूल होणार.

संध्याकाळचा प्रश्न त्याहून अवघड. हेलिकॉप्टर बहुतेक वेळा डोळ्यांनी जमीन बघून उडवलं जातं, आणि अशा उड्डाणांना भारतात सूर्यास्तानंतर वीस मिनिटांच्या पुढे सहसा मुभा नसते. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेसहाला लॉगआउट करणाऱ्यानं घरी यायचं कसं? कॅबनंच.

त्यात पुण्याचं आकाश मोकळं नाही. लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ आहे. शहरावरून उडायचं तर तिथल्या नियंत्रण कक्षाची परवानगी हवी, आणि लढाऊ विमानं व प्रवासी विमानांच्या वेळा सांभाळून.

आणि हवामान. २ ऑक्टोबर २०२४ ला सकाळी बावधनच्या एका गोल्फ कोर्सवरच्या हेलिपॅडवरून जुहूला निघालेलं हेलिकॉप्टर काही मिनिटांतच डोंगराळ भागात कोसळलं. दोन पायलट आणि एक इंजिनिअर, तिघंही गेले. त्या वेळी दाट धुकं होतं. बावधन बिबवेवाडी-हिंजवडी मार्गापासून फार लांब नाही, आणि पावसाळ्यात व थंडीत ऑफिसच्या वेळेला असं धुकं पुणेकरांना नवीन नाही.

बिबवेवाडीत उतरायचं कुठे, हाही प्रश्न आहेच. मोकळं मैदान मिळणं कठीण, मग इमारतीची गच्ची सुचते. न्यूयॉर्कनं ते करून पाहिलंय. तिथे पॅन ॲम बिल्डिंगच्या गच्चीवरून विमानतळापर्यंत सेवा चालायची. १६ मे १९७७ ला उभ्या हेलिकॉप्टरच्या चाकांचा आधार मोडला, ते कलंडलं आणि फिरत्या पात्यांनी गच्चीवरच्या चौघांचा जीव घेतला. पात्याचा तुकडा खाली रस्त्यावर पडून पाचवा बळी गेला. गच्चीवरची सेवा तिथेच थांबली. हेलिकॉप्टरचं शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साओ पाउलोतही एअरबसची ‘वूम’ ही ॲपवरची सेवा २०२० मध्ये बंद झाली.

बिबवेवाडीकरांसाठी खरी हालचाल जमिनीखाली आहे. स्वारगेट-कात्रज या ५.४६ किलोमीटरच्या भुयारी मेट्रोला केंद्रानं ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, अंदाजे खर्च २,९५४ कोटी. मार्केट यार्ड, बिबवेवाडी, बालाजीनगर हा भाग तिनं जोडला जाणार आहे. रक्कम ऐकून भुवया उंचावतात खऱ्या. पण तीन डब्यांच्या एका मेट्रोत साडेनऊशेच्या आसपास माणसं मावतात. तासाला बारा या हिशेबानं तेवढ्यांना न्यायला एका हेलिकॉप्टरला ऐंशी तास लागतील, म्हणजे दिवसाउजेडी उडून जवळपास आठवडा.