गुणी बाळ आणि मेंदूतला डिंक

नवजात बाळ फारसे रडत नसेल, दूध पिऊन नुसते झोपत असेल, तर घरात ‘गुणी बाळ’ म्हणून त्याचे कौतुक होते. बहुतेक बाळे खरोखरच गुणी असतात. काहींच्या शांतपणामागे मात्र थायरॉइडची कमतरता असते. भारतात साधारण हजार-बाराशे बाळांमागे एक बाळ ही कमतरता घेऊन जन्मते. जन्मताना बहुधा कोणतेच लक्षण दिसत नाही. मेंदूची बांधणी मात्र तोपर्यंत जोरात सुरू झालेली असते.

या बांधणीत चेतापेशी आपापल्या जागी सरकतात, एकमेकींना धरतात आणि त्यांचे तंतू जुळतात. त्यासाठी पेशींच्या बाहेरच्या अंगावर डिंकासारखी काम करणारी प्रथिने असतात. त्यांपैकी ‘एनकॅम’ हे प्रथिन १९७० च्या दशकात अमेरिकेत जेराल्ड एडेलमन यांच्या प्रयोगशाळेत सापडले. ‘एल-वन’ आणि ‘टॅग-वन’ ही त्याच कुळातली.

ही प्रथिने बनवणारी जनुके शरीराच्या प्रत्येक पेशीत असतात. पण ती कुठे, कधी आणि किती काळ चालू राहायची, हे ठरलेले असते. चेतापेशींबाहेर ‘एल-वन’चे जनुक एका रोधक प्रथिनामुळे बंद राहते. मेंदूत असे हुकूम देणाऱ्यांपैकी एक म्हणजे थायरॉइडचे हॉर्मोन. ते पेशीच्या केंद्रकातल्या ग्राहक प्रथिनाला जुळते आणि तिथून काही जनुके चालू, तर काही बंद होतात.

हे हॉर्मोन कमी पडले तर? उंदरांच्या पिल्लांवरील प्रयोगांत या तिन्ही प्रथिनांचे प्रमाण प्रमाणाबाहेर वाढलेले दिसले. भिंत रचताना सिमेंट वेळेवर आणि मापातच पडावे लागते, तसेच हे. मुलांची बुद्धी मंदावण्यामागे हे एकच कारण नसते. हॉर्मोनअभावी इतरही अनेक जनुकांचे वेळापत्रक कोलमडते. आणि निघून गेलेली वेळ नंतरच्या औषधाने पूर्ण भरून येत नाही.

म्हणूनच प्रसूती वाशिमच्या रुग्णालयात होवो की रिसोड-मानोऱ्याकडच्या एखाद्या केंद्रात, दोन-तीन दिवसांच्या बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ‘टीएसएच’ तपासता येईल का, हे विचारून घ्यावे. दोष आढळला आणि पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिन सुरू झाले, तर बहुतेक मुलांची वाढ इतरांसारखीच होते. गोळी कुस्करून थोड्या पाण्यात किंवा आईच्या दुधात देतात. सोयाबीन हे वाशिमचे मुख्य पीक. पण सोयायुक्त आहार, लोह किंवा कॅल्शियम यांच्यासोबत ही गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून त्यांच्यात अंतर ठेवावे.

खबरदारी त्याआधीच, गरोदरपणात सुरू होते. पहिले चार-साडेचार महिने गर्भाची भिस्त मुख्यतः आईच्या हॉर्मोनवर असते आणि ते बनवायला आयोडीन लागते. स्वयंपाकाला सुटे खडे मीठ न वापरता पुडीवर हसऱ्या सूर्याचे चिन्ह असलेले मीठ घ्यावे. घरी पोहोचलेल्या एक किलो मिठात किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे, असा नियम आहे. ते टिकावे म्हणून मीठ झाकणाच्या बरणीत, ओल आणि उन्हापासून दूर ठेवावे. आईला आधीपासून थायरॉइडचा त्रास असेल, तर दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना दाखवावे. गोळी मनाने बंद करू नये.