बाळसे आणि पोट

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा माझ्याकडे लसीकरणावर लेख मागितला होता. या विषयावर आपल्या स्मरणिकेत आजवर मीच इतक्या वेळा लिहिले आहे की सुज्ञ वाचकांना आता त्याचाच ‘बूस्टर’ नकोसा झाला असावा. म्हणून संपादकांची क्षमा मागून एका निराळ्याच रुग्णाची हकीकत सांगतो. वय ५५, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७१ किलो, कंबर ९८ सेंटिमीटर, व्यवसाय बालरोगतज्ज्ञ. रुग्ण अर्थातच प्रस्तुत लेखक.

दीड वर्षापूर्वी सहज केलेल्या तपासणीत माझे एचबीएवनसी ६.३ आले, ट्रायग्लिसराइड्स २१२, आणि सोनोग्राफीत यकृतात चरबी, ग्रेड दोन. माझे वडील वयाच्या छप्पनाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. त्यांना मधुमेह होता हे त्यांच्या शेवटच्या आजारात कळले. त्यामुळे हा अहवाल हाती आल्यावर मी तो नेहमीसारखा टेबलाच्या खणात टाकू शकलो नाही. घराजवळच्या जिममध्ये नाव घातले आणि आठवड्यातून पाच दिवस, पहाटे सहाच्या ठोक्याला, इमानेइतबारे जाऊ लागलो. चौदा महिने झाले. वजन किती उतरले? अर्धा किलो. कंबर? दोन सेंटिमीटर. दंड थोडे घट्ट झाले, दोन जिने चढून धाप लागेनाशी झाली. पण शर्टाच्या खालच्या तीन गुंड्यांवरचा ताण होता तसाच राहिला. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा विचारलेही, ‘‘तिथे नक्की व्यायामच करता ना?’’

जिममधला प्रशिक्षक चोवीस-पंचवीस वर्षांचा, स्वभावाने गोड. तो म्हणाला, ‘‘सर, यह जिद्दी फैट है, आखिर में जाता है.’’ हट्टी मुलांशी माझा तीस वर्षांचा संबंध. हट्टामागे काहीतरी कारण असते आणि ते बहुधा मुलाच्या बाहेर सापडते, हे मला ठाऊक होते. तेव्हा या हट्टाचेही कारण शोधावे असे ठरवले आणि बऱ्याच वर्षांनी बालरोगाखेरीज इतर विषयांची पुस्तके उघडली.

पहिला हिशेब अगदी प्राथमिक निघाला आणि तोच मी कधी केला नव्हता. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० उष्मांक. माझ्या वजनाचा माणूस तासभर झपाझप चालला तर नुसते बसून राहण्यापेक्षा जास्तीचे सुमारे दोनशे उष्मांक खर्च होतात. म्हणजे आहार काटेकोर तोच राहिला तर एक किलोसाठी अडतीस दिवस. आणि आपण इंदूरकर! जिममधून परतताना कोपऱ्यावरच्या वाफाळत्या पोह्यांवर मूठभर शेव आणि शेजारी दोन जिलब्या घेतल्या की तो तास व्याजासकट परत येतो. रविवारी हे पथ्य मी कधीच पाळले नव्हते.

पण शेव-जिलबी हा पूर्ण खुलासा नव्हे. टांझानियातील हाडझा जमातीचे लोक अजूनही बरेचसे शिकार आणि कंदमुळांवर जगतात, दिवसभर पायपीट करतात. हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा दिवसभराचा ऊर्जाव्यय मोजला आणि २०१२ साली प्रसिद्ध केला. शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरल्यावर तो खुर्चीत बसून काम करणाऱ्या पाश्चात्त्यांच्या व्ययाएवढाच भरला. व्यायामात अधिक खर्च होऊ लागला की शरीर इतर खात्यांतून काटकसर करते, असा पाँट्झर यांनी त्याचा अर्थ लावला. या मतावर वाद आहेत. तरी मी स्वतःकडे पाहिले तेव्हा एक गोष्ट मान्य करावी लागली. पहाटे तासभर घाम गाळल्यावर उरलेला दिवस मी पूर्वीपेक्षा अधिक बसून काढत होतो आणि वॉर्डात लिफ्टने जाऊ लागलो होतो.

पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जाते, हा समज तर डॉक्टरांतही आढळतो. मीही रोज शंभर ‘क्रंचेस’ काढत होतो. टेनिसपटूंचा एक हात वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या कितीतरी पट राबतो. १९७१ साली अशा खेळाडूंच्या दोन्ही हातांवरील त्वचेखालची चरबी मोजली गेली. स्नायू एका हातात जास्त होता, चरबीचा थर मात्र दोन्हीकडे सारखा. स्नायूला लागणारे इंधन रक्तातून येते, शेजारच्या थरातून थेट उचलले जात नाही.

रक्तात ते कुठून उतरायचे हे ठरते मेदपेशींच्या पृष्ठभागावर. ॲड्रिनॅलिन येऊन बीटा ग्राहकाला चिकटले की साठा मोकळा होतो आणि अल्फा-२ ग्राहकाला चिकटले की कुलूप लागते. आतड्यांभोवतीच्या चरबीत पहिल्या प्रकारच्या ग्राहकांचा वरचष्मा, तर त्वचेखालच्या, विशेषतः स्त्रियांच्या नितंब-मांड्यांवरच्या चरबीत दुसऱ्या प्रकाराचा. शिवाय रक्तात इन्सुलिन चढलेले असेल तर साठा सुटतच नाही. म्हणजे चिमटीत येणारी चरबी सर्वांत शेवटी हलते आणि न दिसणारी, खरी घातक चरबी आधी. वजनकाटा जागचा न हलता आतली चरबी व्यायामाने कमी होऊ शकते, हे आता पुष्कळ अभ्यासांतून दिसले आहे. आपण मात्र आरशात बाहेरची पाहतो आणि निराश होतो.

इथपर्यंत मी परक्या अंगणात होतो. पुढच्या वाचनाने मला माझ्याच अंगणात आणून सोडले. २००८ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी मेदपेशींचे वय मोजले, तेही अणुचाचण्यांमुळे वातावरणात मिसळलेल्या कार्बन-१४ च्या साहाय्याने. त्यांना असे आढळले की मेदपेशींची संख्या बालपणात आणि किशोरवयात ठरते. नंतर दरवर्षी सुमारे दहा टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या येतात. प्रौढपणी वजन घटले तरी पेशी आकसतात, संख्या घटत नाही. माझ्या पोटाची वीट वीट, म्हणजे, शाळेत असतानाच रचून झाली होती.

मी १९७० चा. जन्मतः पाच पौंडांचा, असे आई सांगत असे. म्हणजे जेमतेम सव्वादोन किलो. मूल हाती लागते की नाही अशी धास्ती होती. मग आजीने मला ‘उभे केले’. मऊ भात, मेतकूट, त्यावर लोणकढे तूप, रात्री दुधात बदाम. आठव्या वर्षापर्यंत अंगी चांगले बाळसे आले, असे घरी अभिमानाने सांगितले जाई. फोटोत मला हातपाय बारीक आणि पोट पुढे असा मुलगा दिसतो.

हे चित्र पुण्याजवळच्या खेड्यांत मोजून झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. आपली बाळे सगळ्याच मापांत लहान, स्नायूंत फार लहान, पोटातील अवयवांत फार लहान. मात्र खवाट्याखालची चरबी त्या मानाने जपलेली. गर्भात टंचाई असली की शरीर मेंदू आणि मेद राखते आणि स्नायू, यकृत, स्वादुपिंड यांत काटकसर करते, असे त्यामागचे अनुमान. पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिकांनी लंडनच्या डॉ. युडकिन यांच्याशेजारी उभे राहून काढलेला आपलाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय नेमका सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. तो फोटो पाहताना मला मनापासून आपुलकी वाटली.

त्याच २००४ मधील दुसरा अभ्यास दिल्लीचा, आमच्याच शाखेचे डॉ. संतोष भार्गव यांचा. दक्षिण दिल्लीत १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या मुलांची वजने-उंच्या त्यांच्या चमूने वर्षानुवर्षे जपून ठेवल्या होत्या. तिशीच्या आसपास ज्यांना मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था आढळली, ती मुले दोन वर्षांपर्यंत बारीक होती. त्यानंतर त्यांचा बीएमआय बरोबरीच्या मुलांपेक्षा भराभर चढत गेला. त्यांतील बहुतेक बालपणी कोणत्याही व्याख्येने लठ्ठ नव्हती. आमच्या तक्त्यांवर ती ‘छान सुधारलेली’ मुले होती. ही सगळी माझ्या वयाची मुले.

हा लेख मी लिहितो आहे तो मात्र एका मुलामुळे. दहा वर्षांचा. त्याच्या आईने त्याला आणले ते मानेसाठी. ‘‘डॉक्टरसाहेब, मानेवरचा मळ निघतच नाही. डाळीच्या पिठाने घासते, लिंबू लावते.’’ मान मागून काळवंडलेली, मखमलीसारखी जाडसर. वैद्यक मंडळी ओळखतीलच. इतरांसाठी सांगतो, हा मळ नव्हे. रक्तात इन्सुलिन वाढल्याची ती खूण असते आणि घासल्याने कातडी सोलते एवढेच. मी जुना केसपेपर काढला. जन्मवजन २.१ किलो. तिसऱ्या वर्षी माझ्याच अक्षरात लिहिलेले: ‘वजन कमी, आहार वाढवा, तूप-साखर’. पाचव्या वर्षी, ‘वजन अजून कमी’, आणि खाली एका भूकवाढीच्या सिरपचे नाव. त्या दोन्ही वेळी मी उंचीच्या प्रमाणात वजन पाहिले नव्हते. पाहिले असते तर दिसले असते की मूल बुटके होते, बारीक नव्हते. त्या माउलीने फक्त माझे ऐकले होते.

मी तिला तो कागद दाखवला आणि माझी चूक झाली असे सांगितले. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, ‘‘मग आता उपाशी ठेवायचे का?’’

नाही. येथे घाईने उलट टोकाला जाणे सर्वांत धोक्याचे. कमी वजनाच्या बाळाने पहिल्या दोन वर्षांत भरपूर वाढावे. त्यातून उंची आणि स्नायू मिळतात, पुढे शिक्षणही चांगले होते. भारतासह पाच देशांतील जन्मापासून पाठपुरावा केलेल्या लोकांची माहिती एकत्र करून २०१३ साली हेच दिसले. धोका आहे तो त्यानंतर उंचीच्या मानाने वजन झपाट्याने वाढण्यात. त्यासाठी इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०१५ च्या तक्त्यांत पाच वर्षांपुढे बीएमआयच्या रेषा दिलेल्या आहेत. प्रौढांच्या २३ शी जुळणारी रेषा तेथे जाडपणाची मानली आहे, कारण आपल्या बांध्यात २३ लाच पुरेशी चरबी असते. माझ्या टेबलावर हा तक्ता अनेक वर्षे काचेखाली होता आणि त्यावर औषध कंपनीचे कॅलेंडर होते. सिरप लिहून देणे मी बंद केले आहे. काही आया नाराज होऊन दुसरीकडे गेल्या.

माझे सांगायचे तर चौदा महिन्यांनी तपासण्या पुन्हा केल्या. एचबीएवनसी ५.९, ट्रायग्लिसराइड्स १४८, यकृताची चरबी ग्रेड एक. पोट तेच, पोटातले निराळे. तेव्हा जिम सोडलेले नाही. वजन उचलण्याचे दिवस दोनाचे तीन केले, कारण जन्मतः कमी मिळालेला स्नायू हेच साखर खपण्याचे मुख्य ठिकाण. क्रंचेस थांबवले. रात्री दवाखाना आटोपून साडेदहाला होणारे जेवण आठ वाजता दोन रुग्णांच्या मध्ये डब्यातून होते. ताटातला भात अर्धा झाला. वरणाच्या एका वाटीत प्रथिने सहा-सात ग्रॅमच्या आसपास आणि मला दिवसाला सुमारे साठ लागतात, हे कळल्यावर उसळ, दही आणि अंडी आली. अंड्यांपुरता स्वयंपाकघरात एक वेगळा तवाही आला. नव्या इंजेक्शनांबद्दल मित्र विचारतात. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी ती मोठी सोय आहे. पण वजनाबरोबर स्नायूही उतरतो, आणि आमच्या बांध्याकडे तो मुळातच थोडा, हे लिहून देणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

तो मुलगा दर महिन्याला येतो. संध्याकाळी सायकल चालवतो, बिस्किटांचा पुडा घरात येत नाही. मानेवरचा काळेपणा किंचित फिकटला आहे. त्याला मी एकच माप शिकवले आहे: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. गेल्या खेपेस उंची १३४ आणि कंबर ७०. तीन सेंटिमीटर बाकी. टेप गुंडाळताना त्याने विचारले, ‘‘डॉक्टरकाका, तुमची किती?’’

मी उठून उभा राहिलो. त्याने दोन्ही हातांनी टेप माझ्याभोवती नेली, बेंबीवर जुळवली आणि मोठ्याने वाचली, ‘‘पंच्याण्णव.’’ मग माझ्याच पेनने पाटीवर १६८ ला दोनाने भागले आणि म्हणाला, ‘‘तुमचे अकरा बाकी.’’