सात बल्ब, सातही चांगले

"वहिनी, हे सगळे बल्ब चांगले आहेत हो!" ठाण्याच्या दुकानदारानं एकेक बल्ब बॅटरीला लावून दाखवला. सातही लख्ख पेटले. मागं दोन गिऱ्हाइकं उभी. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तर मैत्रिणींनो, झालं असं. आमच्या ह्यांचा गाड्यांचे हेडलाइट दुरुस्त करायचा छोटासा धंदा आहे. डोंबिवलीत घराच्या पुढच्याच खोलीत टेबल मांडलंय. पावसाळ्यात ह्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. दीड महिना हात हलवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. काम बंद ठेवलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार. मग काय, पदर खोचला आणि टेबलाशी मी बसले.

नेमकी तेव्हाच बल्ब तपासायची जुनी बॅटरी बसली. भाच्यानं त्याच्याकडचा पॉवर सप्लाय आणून दिला. हा एक डबा असतो. घरातली वीज घेऊन आपल्याला हव्या तेवढ्या व्होल्टची करून देतो. पुढे फिरवायची बटणं आणि आकडे दाखवणारी पट्टी. मी १२ व्होल्टवर ठेवला. पार्किंगचे ५ वॅटचे छोटे बल्ब झकास पेटले. हेडलाइटचा मोठा हॅलोजन लावला की मात्र 'टिक', लाल दिवा आणि सगळे आकडे शून्य! बल्बला मीटर लावला तर तोही जवळजवळ शून्य ओहम दाखवून 'पीं' करून ओरडायचा. मी ठरवून टाकलं, बल्ब आतून शॉर्ट. एक नाही, नवे कोरे सात. पिशवीत भरले, लोकल पकडली आणि ठाण्याला जाऊन दुकानदाराला चार शब्द सुनावलेसुद्धा. त्यानं ते निमूट ऐकून घेतले, याची आता जास्त लाज वाटते. हे त्याच्याकडून वर्षानुवर्षं शब्दावर माल आणतात, पैसे महिन्याच्या शेवटी. तो शब्द मी एका दुपारी घालवून आले होते.

परतताना दिवा स्टेशन आलं (नावातच दिवा, काय म्हणायचं!) आणि एकदम लोडशेडिंगचे दिवस आठवले. २००५ नंतरची ती वर्षं तुम्हीही विसरला नसाल. तिकडे मुंबईत बेस्टच्या भागात झगमगाट आणि इकडे महावितरणच्या हद्दीत आम्ही वेळापत्रक भिंतीला चिकटवून बसलेलो. मुलीच्या परीक्षेच्या वेळी हे गाडीची बॅटरी खोलीत आणायचे आणि तिच्यावर हेडलाइटचाच बल्ब लावायचे, उजेड भिंतीवर पडेल असा. तो एकदाही अडला नव्हता. म्हणजे बल्ब तसाच, व्होल्टही तेवढेच. फरक वीज देणाऱ्यात होता!

रात्री ह्यांना शेजारी बसवलं आणि वहीत हिशेब मांडला. बल्ब ६० वॅटचा, वीज १२ व्होल्टची, म्हणजे लागतात ५ अँपिअर. सप्लाय १० अँपिअरचा. मग अडतंय कुठं? हे म्हणाले, "मीटर शून्य दाखवत नाही, नीट बघ." खरंच, जेमतेम पाव ओहम होता. आणि १२ ला ५ नं भागलं तर पेटलेल्या बल्बचे होतात २.४ ओहम. इथं डोक्यात प्रकाश पडला. बल्बमधली टंगस्टनची तार थंड असते तेव्हा विजेला फारशी अडवतच नाही. तापून पांढरी झाली की दहापट, त्याहूनही जास्त अडवते. म्हणजे चालू केल्याच्या पहिल्या क्षणी हा बल्ब ५ नाही, ५० अँपिअरच्या घरात मागतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. गाडीच्या बॅटरीला त्याचं काहीच वाटत नाही, ती तर स्टार्टरला शेकडो अँपिअर देते. सप्लायला मात्र वाटतं की कुठंतरी शॉर्ट झालं. तो बिचारा स्वतःला वाचवायला बंद होतो. छोटा बल्ब थंड असताना चारेक अँपिअरच मागतो, म्हणून तो पेटत होता.

मग बटण शून्यावर नेलं, सप्लाय चालू केला आणि हळूहळू व्होल्ट वाढवत गेले. तार आधी लाल झाली, मग पिवळी आणि १२ वर पोचेपर्यंत खोलीभर पांढरा उजेड. ह्यांनी एका हातानं टेबलावर थाप मारली.

काही सप्लाय असे बंद पडत नाहीत, ठरलेल्या मर्यादेवर प्रवाह रोखून धरतात. ती मर्यादा बल्बच्या गरजेपेक्षा कमी असेल तर बल्ब नुसता लालसर राहतो. तोही बल्बचा दोष नव्हे. दुसरी गंमत तीन पायांच्या बल्बची. त्यात दोन तारा असतात आणि एक पाय दोघींचा मिळून. तो सोडून उरलेल्या दोन पायांना वीज दिली तर दोन्ही तारा एकामागोमाग जोडल्या जातात आणि मंद पेटतात. वायरही बारीक नको. मी मोबाइल चार्जरची वापरली होती, ती गरम झाली आणि डब्यावर १२ व्होल्ट असताना बल्बच्या पायांशी त्याहून कमी भरले.

हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा राहिला की तेवढीच जागा जास्त तापते आणि काच तडकू शकते. बॅटरीवर काम करायचं तर आधी सोन्याच्या बांगड्या, पाटल्या काढून ठेवा. दोन टोकांना बांगडी टेकली तर क्षणात हात भाजतो.

दुसऱ्या दिवशी डबा पिशवीत घालून पुन्हा ठाणं गाठलं. माफी मागितली आणि त्याच्याच काउंटरवर त्यातला एक बल्ब हळूहळू पेटवून दाखवला. दुकानदारानं चहा मागवला. मग स्वतः बटण शून्यावरून चार वेळा फिरवून बघितलं. सात बल्ब मी परत घेऊन आले.

ह्यांचा हात आता बरा आहे, पण बल्ब तपासायचं काम अजून माझ्याकडेच आहे. बटण शून्यावर आणल्याशिवाय डबा बंद करायचा नाही, हा नियम मी ह्यांनाही लावलाय. ते विसरतात. मी डब्यावर चिठ्ठी चिकटवली आहे.