टाळेबंदीतला तेंदूपत्ता

मार्च २०२०च्या अखेरीस करोनाच्या टाळेबंदीत प्रवासी गाड्या थांबल्या आणि हावडा-मुंबई मार्गावरचे गोंदिया जंक्शन सुने पडले. देवरीच्या महामार्गावरून मजूर पायीच छत्तीसगडकडे निघाले.

जंगलालगतच्या गावांची चिंता वेगळीच होती. मोहफुले वेचण्याचे दिवस ऐन टाळेबंदीत आले. पाठोपाठ मे महिन्यातला तेंदूपत्त्याचा हंगाम. ७० पानांचा एक पुडा, त्यावर मजुरी. ही कमाई बुडाली असती तर खरिपाच्या धानासाठी बियाणे-खत कुठून आणायचे? म्हणूनच केंद्राने एप्रिलच्या मध्यात आदिवासींना गौण वनोपज गोळा करण्याची सूट दिली, हे फार मोलाचे झाले.

पाने तोडणे मोकळ्या रानात चालते, तिथे संसर्गाचा धोका कमी. गर्दी होते ती फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुडे मोजून देताना. अंतर पाळण्याची खरी गरज तिथेच होती.